एमसीबी तारेच्या मापाने निवडावी : गावातील घराच्या वायरिंगसाठी मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घरी इंडक्शनची शेगडी आली आणि त्याच आठवड्यापासून स्वयंपाकघराची एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पुरवठा तोडणारा छोटा स्विच, रोज संध्याकाळी पडू लागली. बोलावलेल्या कारागिराने १६ अँपिअरची एमसीबी काढून तिच्या जागी ३२ अँपिअरची बसवली. एमसीबी पडणे थांबले, आणि काम झाले असे आम्ही सर्वांनी मानले. पुढच्या मे महिन्यात स्विचबोर्डामागून तापलेल्या प्लास्टिकचा कडवट वास येऊ लागला, तेव्हा मेन बंद करून बोर्ड उघडला. तारेचे लाल आवरण टोकापासून वीतभर तपकिरी पडले होते, नखाने दाबताच त्याचे कपचे निघत होते आणि आतील तांबे काळवंडले होते. ती तार दीड चौरस मिलिमीटरची होती. त्या भिंतीपलीकडच्या खोलीत, भाव वाढण्याची वाट पाहत, कापूस आढ्यापर्यंत रचलेला होता.

ज्या घरात दिवाळीपासून कापूस साठवलेला असतो, गुरांच्या कोठ्याला लागून चाऱ्याचे कुटार भरलेले असते आणि मार्च उजाडताच लोखंडी कूलर सुरू होतो, अशा घरासाठी हा लेख आहे. त्यातील मुख्य म्हणणे आधीच सांगतो. एमसीबी घरातील तारेला जळण्यापासून वाचवते, म्हणून तिचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरवावा लागतो. माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवण्याचे काम तिच्याकडून होत नाही, त्यासाठी आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग वेगळे लागते. प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. परंतु कोणते सामान आणायचे, काय विचारायचे आणि काम झाल्यावर काय तपासायचे, हे घरमालकाला स्वतःला कळले पाहिजे.

एमसीबीच्या आत काय घडते

जुन्या घरांत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असत आणि अजूनही अनेक ठिकाणी आहेत. फ्यूजची कल्पना चुकीची नव्हती; तिची अडचण अशी की ठरलेली बारीक तार वितळल्यावर हाताशी जी तार असेल ती लोक लावत, मग सुट्या वायरचे दोन-तीन पदर पिळून लावत, आणि त्या क्षणापासून फ्यूज असून नसल्यासारखा होई. जर्मनीतील मानहाइम येथे हुगो श्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ मध्ये पेटंट घेतलेल्या छोट्या स्वयंचलित स्विचने ही अडचण दूर केली, कारण तो पडल्यावर त्यात बदलण्याजोगी तारच उरत नाही. आजची एमसीबी त्याच वंशातील आहे.

तिच्यात दोन वेगवेगळ्या यंत्रणा असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या धोक्यांवर लक्ष ठेवतात. पहिली म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. ठरलेल्यापेक्षा जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला की ती तापून वाकते आणि खटका सोडते. हे जास्त भारापासूनचे संरक्षण. दुसरी म्हणजे तांब्याच्या वेढ्यांची छोटी कॉइल. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) एकमेकांना चिकटले की प्रवाह एकदम काहीशे अँपिअरपर्यंत उसळतो, कॉइलमधील चुंबक ओढला जातो आणि डोळ्याची पापणी लवण्याआधी संपर्क तुटतो. हे शॉर्टसर्किटपासूनचे संरक्षण. संपर्क तुटताना जी ठिणगी निघते ती पातळ पत्र्यांच्या चाळणीत ढकलली जाऊन तुकड्यातुकड्यांनी विझते.

येथे नवख्यांचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १६ अँपिअरची एमसीबी १७ अँपिअरला पडत नाही. मानकानुसार १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ अँपिअर प्रवाहावर ती तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअर प्रवाहावर ती एका तासाच्या आत पडलीच पाहिजे. याचा अर्थ असा की २३ अँपिअरचा ताण तारेला काही काळ सोसावा लागू शकतो. आमच्या घरी १६ ऐवजी ३२ चा आकडा आल्यावर हीच मर्यादा सुमारे ४६ अँपिअरवर गेली, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात दीड चौरस मिलिमीटरच्या तारेला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा प्रवाहही सतत झेपत नाही.

वरच्या अक्षरांचा अर्थ

दुकानात एमसीबी हातात घेतल्यावर तिच्या तोंडावर बारीक छपाई दिसते. ती वाचता आली म्हणजे निम्मे काम झाले. ‘सी १६’ असे लिहिलेले असेल तर १६ हा अँपिअरचा आकडा आणि ‘सी’ हा तिच्या स्वभावाचा वर्ग. ‘बी’ वर्गाची एमसीबी नाममात्र प्रवाहाच्या ३ ते ५ पटींच्या दरम्यान तत्काळ पडते, ‘सी’ वर्गाची ५ ते १० पटींच्या दरम्यान आणि ‘डी’ वर्गाची १० ते २० पटींच्या दरम्यान. चौकटीत छापलेला ६००० किंवा १०००० हा आकडा म्हणजे शॉर्टसर्किटचा किती अँपिअर प्रवाह ती न फुटता तोडू शकते याची हमी. त्याखाली छोट्या चौकोनात ३ हा आकडा असतो, तो शॉर्टसर्किटच्या वेळी तारेपर्यंत कमीत कमी ऊर्जा जाऊ देणाऱ्या वर्गाचा.

यांपैकी ‘बी’ आणि ‘सी’ यांचा फरक गावात शहरापेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो, आणि तो सहसा कोणी समजावून सांगत नाही. आपले घर डीपीपासून (रोहित्रापासून) लांब, लाइनच्या शेवटच्या खांबावर असेल, तर मधल्या लांब तारांचा रोध शॉर्टसर्किटच्या प्रवाहालाही अडवतो. समजा जाण्यायेण्याच्या तारांचा एकूण रोध २ ओहम आहे. मग २३० व्होल्टवर शॉर्ट झाले तरी प्रवाह ११५ अँपिअरच वाहील. ‘सी १६’ ला तत्काळ पडण्याची खात्री १६० अँपिअरला असते, त्यामुळे ती कदाचित लगेच पडेल, कदाचित पट्टी तापेपर्यंत काही सेकंद घेईल, आणि तेवढ्या वेळात चिकटलेल्या जागी ठिणग्या उडत राहतील. ‘बी १६’ ला ८० अँपिअरला पडावेच लागते, म्हणून ती निश्चितपणे लगेच पडते. यासाठी दिवे, पंखे, गीझर, इस्त्री अशा भारांना ‘बी’ घ्यावी, आणि सुरू होताना जोराचा झटका घेणाऱ्या मोटरीला ‘सी’. ‘डी’ वर्गाचे घरात काहीही काम नाही. तालुक्याच्या दुकानात बहुधा ‘सी’ च ठेवलेली असते. ‘बी’ मागवून घ्यावी लागली तरी दोन दिवस थांबावे.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह, त्यावरील परवाना क्रमांक आणि पक्के बिल या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो परवाना क्रमांक टाकला की तो खरा आहे की नाही आणि कोणत्या मालासाठी आहे, हे लगेच दिसते. जुनी, वापरून काढलेली एमसीबी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, कारण तिने आधी किती शॉर्टसर्किट झेलले आहेत हे बाहेरून कळत नाही.

पहिले काम : घरातील भार मांडणे

कागद घेऊन घरातील प्रत्येक उपकरणाचे वॅट लिहावेत. ते उपकरणाच्या मागील पट्टीवर असतात. वॅटला २३० ने भागले की ढोबळ अँपिअर मिळतात. चार खोल्या, ओसरी, न्हाणी आणि अंगणात कोठा असलेले घर उदाहरणादाखल घेऊ. चार पंखे, आठ एलईडी दिवे आणि टीव्ही मिळून पाचशे वॅटच्या आत राहतात, म्हणजे सव्वादोन अँपिअरच्या आत. दोन कूलरचे प्रत्येकी २०० वॅट धरले तर आणखी दोन अँपिअरच्या आत. स्वयंपाकघरात इंडक्शन २००० वॅट, मिक्सर ७५० आणि फ्रीज २०० वॅट, म्हणजे एकत्र सुमारे १३ अँपिअर. न्हाणीतील २००० वॅटचा गीझर सुमारे पावणेनऊ अँपिअर घेतो. विहिरीवरची किंवा बोअरची १ अश्वशक्तीची घरगुती मोटर चालताना सहा अँपिअरच्या आसपास आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट प्रवाह घेते.

ही बेरीज झाल्यावर वीजबिल काढून त्यावरील मंजूर भार पाहावा. बिलावर १ किलोवॅट आणि घरात इंडक्शन, गीझर व मोटर, अशी स्थिती असेल तर आधी महावितरणकडे भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर जुनी आणि बारीक असेल, तर आतील वायरिंग कितीही चांगले केले तरी ताण तिच्यावरच पडतो.

दुसरे काम : सर्किट वेगळी करणे आणि तार ठरवणे

संपूर्ण घर एका एमसीबीवर टाकणे ही सर्वांत मोठी चूक आहे. कूलरच्या पंपात पाणी शिरले की सारे घर अंधारात जाते, आणि अंधारात घाईने केलेली दुरुस्ती बहुधा चुकीची होते. वरील घरासाठी दिवे-पंखे, कूलरचे सॉकेट, स्वयंपाकघर, गीझर, मोटर आणि अंगण-कोठा अशी सहा वेगळी सर्किट करावीत. प्रत्येक सर्किटची फेज तार आणि न्यूट्रल तार पेटीपासूनच वेगळी निघाली पाहिजे. एका सर्किटचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल अशी उसनवारी केली की पुढे आरसीसीबी लावताना ती पडत राहते आणि दोष शोधता शोधता दिवस जातो.

तारेची क्षमता हवेच्या तापमानावर अवलंबून असते, आणि विदर्भात या मुद्द्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. कंपन्यांच्या तक्त्यांतील अनेक आकडे ३० अंश तापमानासाठीचे असतात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाखालच्या भिंतीत, पाइपात दाटीने बसलेली तार ५० अंशांच्या हवेत काम करत असते, आणि पीव्हीसी आवरणाच्या तारेची क्षमता तेथे सुमारे ३० टक्क्यांनी घटते. म्हणून आपल्या भागासाठी पुढील जोड्या मी सुरक्षित मानतो : तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेला ६ किंवा फार तर १० अँपिअर, २.५ ला १६, ४ ला २० आणि ६ ला २५ अँपिअरची एमसीबी. हे आकडे थंड हवेच्या गावापेक्षा हात राखून आहेत, आणि ते तसेच असावेत.

तिसरे काम : एमसीबीचा आकडा ठरवणे

नियम साधा आहे. सर्किटवरील भाराचा प्रवाह एमसीबीच्या आकड्यापेक्षा कमी असावा, आणि एमसीबीचा आकडा तारेच्या क्षमतेपेक्षा कमी असावा. एमसीबी या दोघांच्या मध्ये बसत नसेल, तर तार बदलावी किंवा भार वाटून द्यावा. एमसीबी वाढवू नये. आमच्या स्वयंपाकघरात २.५ चौरस मिलिमीटरची नवी तार ओढून पुन्हा १६ चीच एमसीबी बसवली.

उदाहरणातील घरात दिव्या-पंख्यांसाठी १.५ ची तार आणि ‘बी ६’, कूलरसाठी १.५ ची तार आणि ‘सी १०’, स्वयंपाकघर आणि गीझर यांसाठी २.५ ची तार आणि अनुक्रमे ‘सी १६’ व ‘बी १६’, मोटरीसाठी २.५ ची तार आणि ‘सी १०’, तर अंगण-कोठ्यासाठी १.५ ची तार आणि ‘बी ६’ असे गणित बसते. मोटरीचा झटका तीस-पस्तीस अँपिअरचा असतो आणि ‘सी १०’ पन्नासच्या खाली तत्काळ पडत नाही, म्हणून ती टिकते. मेनसाठी ६ चौरस मिलिमीटरची तार आणि २५ अँपिअरची डीपी एमसीबी घ्यावी. इंडक्शन, गीझर आणि मोटर एकाच वेळी चालवली तर ती हद्दीवर येईल. सकाळी गीझर बंद करून मग मोटर लावण्याची सवय केल्यास अडचण राहत नाही.

‘डीपी’ या शब्दाने येथे घोटाळा होतो. गावात डीपी म्हणजे रोहित्र. एमसीबीच्या बाबतीत डीपी म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारी दोन पोलची एमसीबी. मेनसाठी तीच असावी असा माझा आग्रह आहे, आणि त्याचे कारण गावातले आहे. वादळात सर्व्हिस वायर तुटून पुन्हा जोडली जाते तेव्हा कधी कधी फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल होते. घरात सगळे नेहमीसारखे चालते, पण एक पोलची एमसीबी आता न्यूट्रल तोडत असते. ती खाली पाडली तरी दिव्याच्या होल्डरात फेज जिवंत राहतो. दोन पोलची मेन खाली केली की हा प्रश्न उरत नाही. खांबावर दुरुस्ती झाल्यानंतर प्रत्येक वेळी एका सॉकेटमध्ये टेस्टर लावून फेज उजव्या भोकातच आहे ना, हे पाहून घ्यावे.

चौथे काम : माणसासाठीचे संरक्षण

या भागावर सर्वांत अधिक लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगायचे आहे. उन्हाळ्यात कूलरला हात लागून जीव जातात, आणि त्यांतील अनेक घरांत एमसीबी बसवलेली असते.

ते कसे घडते ते पाहू. लोखंडी कूलरच्या पंपाची तार आतून सोलली गेली आणि फेज पत्र्याला लागला. घराच्या अर्थिंगचा रोध २५ ओहम आणि डीपीजवळच्या अर्थिंगचा ५ ओहम धरला, तर मातीतून परत जाणारा प्रवाह २३० भागिले ३०, म्हणजे पावणेआठ अँपिअरच्या आसपास राहतो. १० अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा साधा भार आहे. ती पडणार नाही. पत्र्यावर मात्र १९० व्होल्टपेक्षा जास्त दाब उभा राहतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहून टाकीत पाणी ओतणारी व्यक्ती त्याला हात लावते, तेव्हा तिच्या शरीरातून काही दशांश अँपिअर प्रवाह वाहिला तरी हृदय बंद पडण्यास तो पुरेसा असतो. काळ्या मातीत ही अडचण आणखी वाढते, कारण पावसाळ्यात ओली असताना ही माती चांगले अर्थिंग देते, पण एप्रिल-मेमध्ये ती सुकून भेगाळते, पाइपापासून सुटते आणि ज्या महिन्यांत कूलर चालतो नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग कमकुवत होते.

आरसीसीबी यासाठीच असते. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ती सतत तोलत राहते. दोघांत ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत ती पुरवठा तोडते. १६ अँपिअरची एमसीबी ज्या प्रवाहावर लक्ष ठेवते त्याच्या पाचशेव्या हिश्श्याहून लहान असा हा फरक आहे. घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच आरसीसीबी घ्यावी. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची आगीपासून बचावासाठी असते, माणसासाठी नाही. तिचा अँपिअरचा आकडा मेन एमसीबीच्या आकड्याइतका किंवा जास्त असावा, म्हणून २५ च्या मेनसोबत ४० अँपिअरची चालते. ती जास्त भाराने किंवा शॉर्टसर्किटने पडत नाही, त्यामुळे तिच्या आधी एमसीबी असलीच पाहिजे. आणि कोणी एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला काहीच कळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

शक्य असल्यास कोठ्यासाठी स्वतंत्र आरसीसीबी ठेवावी. तेथे ओल, शेण आणि उंदीर यांमुळे गळती वारंवार होते, आणि गुरांना माणसापेक्षा कमी दाबाचा धक्काही जीवघेणा ठरतो. अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घालावे. न्यूट्रल तुटल्यावर अर्थिंगच्या तारेवर दिवा चालवण्याची जी पद्धत अनेक गावांत आहे, ती तत्काळ बंद करावी.

पाचवे काम : पेटी बसवणे आणि जोडणी

पेटीसाठी आतल्या खोलीची, छातीइतक्या उंचीची, कोरडी आणि हवेशीर भिंत निवडावी. पश्चिमेची भिंत, टिनाच्या अगदी खालची जागा, चुलीच्या वरची जागा आणि कापूस किंवा कुटार साठवण्याची खोली टाळावी. एमसीबीच्या आतील पट्टीही ३० अंशांवर जुळवलेली असते. पेटीत ५० अंश झाले की १६ ची एमसीबी एखाद-दोन अँपिअर आधीच पडू लागते. मे महिन्यात दुपारीच एमसीबी पडते आणि रात्री पडत नाही, याचे कारण बहुधा हेच असते, आणि त्यावर उपाय पेटी सावलीत नेणे हा आहे. पेटी लोखंडी असेल तर तिला अर्थिंग जोडावे, तारा जाण्याची भोके बुचाने बंद करावीत म्हणजे पाली आणि मुंग्या आत जाणार नाहीत, आणि पुढील वाढीसाठी दोन-तीन जागा रिकाम्या ठेवाव्यात.

जोडणीच्या आधी मेन बंद करावी, सर्व्हिसकडील कटआउट (मेन फ्यूज) काढावा, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करून त्याची तार वेगळी करावी. मेन पाडली तरी इन्व्हर्टर घराच्या तारांत २३० व्होल्ट सोडतच असतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. दिव्याचा टेस्टिंग होल्डर आधी चालू असलेल्या जागी लावून तो ठीक असल्याची खात्री करावी, मग कामाच्या जागी लावावा, आणि पुन्हा चालू जागी लावून पाहावा.

मीटरकडून येणारा पुरवठा आधी दोन पोलच्या मेन एमसीबीला, तेथून आरसीसीबीला, तेथून फेज पट्टीवरून प्रत्येक एमसीबीला जातो. सर्व न्यूट्रल आरसीसीबीनंतरच्या न्यूट्रल पट्टीवर येतात. कोठ्याची आरसीसीबी वेगळी असेल तर तिचा पुरवठा मेनपासूनच फुटावा आणि तिची न्यूट्रल पट्टीही वेगळी असावी. तारेचे आवरण साधारण एक सेंटिमीटर सोलावे, सर्व पदर एकत्र पिळून किंवा पिन दाबून टर्मिनलमध्ये घालावेत. जागा पुरत नाही म्हणून काही पदर कापून टाकण्याची पद्धत मी स्वतः पाहिली आहे. तसे केल्यास तार तेवढ्याच जागी बारीक होते आणि तेथेच तापते. स्क्रू घट्ट केल्यावर प्रत्येक तार हाताने ओढून पाहावी. सर्व्हिसची ॲल्युमिनिअमची तार आणि आतील तांब्याची तार एकमेकींना पिळून जोडू नयेत. त्यांच्यामध्ये योग्य कनेक्टर असावा. सौरपंपाच्या पॅनेलकडील डीसी तारांना घरातील एमसीबी कधीही लावू नये, कारण एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते, डीसीमध्ये तसे घडत नाही.

शेतातील तीन फेजच्या मोटरीबद्दल येथे एवढेच सांगतो की ५ अश्वशक्तीची मोटर सुमारे साडेसात अँपिअर घेते, आणि एक फेज गेल्यावर तिला वाचवण्याचे काम स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले व सिंगल फेज प्रिव्हेंटर यांचे आहे. एमसीबीवर ते सोपवू नये.

एमसीबी पडल्यावर काय करावे

ती किती वेळाने पडली, यावरून कारण ओळखता येते. वर करताच पडत असेल तर शॉर्टसर्किट आहे. दहा-वीस मिनिटांनी पडत असेल तर भार जास्त आहे किंवा तिच्याच स्क्रूखाली तार सैल होऊन ती जागा तापत आहे. एमसीबी पडते आणि तिच्याच शेजारची जागा पिवळी पडलेली दिसते, तेव्हा बहुधा सैल स्क्रूच असतो.

आधी त्या सर्किटवरील सर्व उपकरणांच्या पिना काढाव्यात आणि स्विच बंद करावेत. पट्टी थंड होण्यासाठी दोन मिनिटे थांबावे, मग खटका पूर्ण खाली दाबून वर करावा. पडलेली एमसीबी अनेकदा मधल्या स्थितीत अडते आणि खाली न दाबता वर केल्यास बसत नाही. काहीही जोडलेले नसताना ती पडली तर दोष भिंतीतील तारेत आहे, आणि तेथून पुढे वायरमनच हवा. बसली तर एकेक उपकरण जोडत जावे. ज्याने ती पडते ते बाजूला ठेवावे. दोनदा पडल्यानंतर तिसऱ्यांदा वर करू नये, आणि खटका दोरीने बांधून किंवा काडी अडकवून धरू नये. तसे धरले तरी आतील संपर्क सुटतोच, म्हणून त्याने साधत काही नाही.

आरसीसीबी पडली तर पहिला संशय कूलरचा पंप, पाण्याची मोटर आणि गीझर यांच्यावर घ्यावा. पावसाच्या पहिल्या सरीनंतर ती पडू लागली तर अंगणातील दिव्याची जोडणी उघडून पाहावी. तिला वगळून सरळ तार जोडण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो ऐकू नये. वीज कडाडत असताना एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हींचा उपयोग नसतो. टीव्ही आणि फ्रीजच्या पिना काढून ठेवाव्यात.

आरसीसीबीवरील ‘टी’ चे बटण महिन्यातून एकदा, वीजबिल आले की त्याच दिवशी, दाबून पाहावे. दाबताच ती पडली पाहिजे. पडली नाही तर ती निकामी झाली आहे असे समजून त्याच आठवड्यात बदलावी. फेब्रुवारीत, कूलर खाली काढण्याआधी, वायरमनला एकदा बोलावून मेन आणि इन्व्हर्टर बंद करून पेटीतील प्रत्येक स्क्रू घट्ट करून घ्यावा, अर्थिंगचा रोध मोजून तो पेटीच्या दाराच्या आत तारखेसह लिहावा, आणि कूलरच्या तीन पिनांच्या टॉपमधील हिरवी तार पत्र्यापर्यंत खरोखर पोहोचते की नाही, हे टॉप उघडून डोळ्यांनी पाहावे.